रेडिओ प्रभामंडलाची उंची

दीर्घिकांविषयी वाचताना ‘प्रभामंडल’ या शब्दाने मला बरेच दिवस चकवले. एका लेखात तो तबकडीभोवती विखुरलेल्या जुन्या ताऱ्यांसाठी येतो, दुसऱ्यात कृष्णद्रव्याच्या अवाढव्य गोलासाठी, आणि रेडिओ खगोलशास्त्रज्ञ तोच शब्द उच्चारतात तेव्हा त्यांच्या मनात तिसरेच काही असते. हे तिसरे प्रभामंडल म्हणजे सर्पिल दीर्घिकेच्या चपट्या तबकडीच्या वर आणि खाली हजारो प्रकाशवर्षे पसरलेला रेडिओ लहरींचा मंद उजेड. आज त्याविषयीच लिहितो आहे.

आपल्या आकाशगंगेभोवती असे मंडल असावे, हा विचार १९५० च्या दशकात योसिफ श्क्लोव्हस्की आणि जॉन बाल्डविन या खगोलशास्त्रज्ञांनी मांडला होता. मात्र आपण स्वतः तबकडीच्या आत आहोत, त्यामुळे आकाशभर दिसणाऱ्या रेडिओ उजेडापैकी किती उंचावरून येतो आणि किती जवळपासच्या वायूतून, हे वेगळे करणे अवघड होते. घरात बसून आपल्याच धुराड्याचा धूर किती उंच गेला हे सांगण्यासारखे ते होते. शेजारच्या घराचा धूर पाहणे त्या मानाने सोपे. म्हणून कडेने दिसणाऱ्या दीर्घिकांकडे लक्ष वळले. १९७७ मध्ये रॉन एकर्स आणि रेन्झो सान्चिसी यांनी नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क दुर्बिणीतून एनजीसी ४६३१ या दीर्घिकेचे (एनजीसी ही खगोलीय वस्तूंची क्रमांकित यादी) प्रभामंडल दाखवून दिले. या दीर्घिकेची शेजारणींशी गुरुत्वीय ओढाताण चालू आहे, तेव्हा हे अपवादात्मक उदाहरण आहे अशी शंका घेता आली असती. पण पुढच्याच वर्षी एनजीसी ८९१ या तुलनेने शांत दीर्घिकेभोवतीही तसेच मंडल असल्याचे प्रसिद्ध झाले.

हा उजेड ज्या इलेक्ट्रॉनांमुळे निर्माण होतो, ते अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस फुटणाऱ्या ताऱ्यांच्या, स्फोटांतून उठलेल्या आघात-लहरींमध्ये जवळजवळ प्रकाशाच्या वेगापर्यंत पोहोचलेले असतात. दीर्घिकेचे चुंबकीय क्षेत्र साधारण दहा मायक्रोगॉस, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे पन्नास हजारांश असते. तरीही त्यात गिरक्या घेताना हे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात, ज्यांना सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात, आणि तसे करताना स्वतःची ऊर्जा गमावत जातात. अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन उच्च वारंवारतेवर चमकतात आणि लवकर विझतात, तर कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन खालच्या वारंवारतेवर दीर्घकाळ तेवत राहतात. दहा मायक्रोगॉसच्या क्षेत्रात १.४ गिगाहर्ट्झला चमकणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे आयुष्य जेमतेम तीन कोटी वर्षे भरते, आणि १५० मेगाहर्ट्झला ते त्याच्या सुमारे तिप्पट होते.

या विषयाची खरी गंमत मला इथे वाटते, कारण प्रभामंडल किती उंच आहे या प्रश्नाला एकच एक उत्तर राहत नाही. ज्या उंचीमागे उजेड सुमारे ३७ टक्क्यांवर येतो, तिला प्रमाण-उंची म्हणतात, आणि वारंवारता बदलली की ती बदलते. ती नेमकी किती बदलते, यावरून इलेक्ट्रॉन वर कसे पोहोचले याचा सुगावा लागतो. ते वाऱ्याबरोबर, म्हणजे तबकडीतून बाहेर वाहणाऱ्या वायूबरोबर, एका वेगाने वाहत गेले असतील, तर त्यांनी गाठलेली उंची त्यांच्या आयुष्याच्या प्रमाणात वाढेल, म्हणून वारंवारता दहापट कमी केल्यास प्रमाण-उंची सुमारे ३.२ पट व्हायला हवी. उलट ते चुंबकीय क्षेत्राच्या गुंत्यातून धडपडत, भरकटत वर सरकले असतील, तर उंची आयुष्याच्या वर्गमुळाप्रमाणे वाढेल आणि तोच गुणक सुमारे १.८ वर येईल. लोफार दुर्बिणीने एनजीसी ८९१ चे १४६ मेगाहर्ट्झवर घेतलेले निरीक्षण १.५ गिगाहर्ट्झच्या निरीक्षणाशी ताडून पाहिले, तेव्हा हा गुणक सुमारे १.७ निघाला. या दीर्घिकेत भरकटण्याचा वाटा मोठा आहे, असा त्याचा अर्थ.

एनजीसी २५३ ची गोष्ट निराळी आहे. तिथे मध्यभागी तारे झपाट्याने जन्मतात, आणि मंडलाचा आकार डंबेलसारखा आहे, म्हणजे मधोमध कमी उंचीचा आणि दोन्ही टोकांकडे अधिक उंचीचा. स्फोट मध्यभागी अधिक, मग मंडल तिथेच ठेंगणे कसे, असा प्रश्न प्रथम मलाही पडला होता. मध्यभागी चुंबकीय क्षेत्र अधिक तीव्र असल्यामुळे तिथले इलेक्ट्रॉन फार वर जाण्याआधीच विझतात, हे त्याचे उत्तर. त्यांचे आयुष्य आणि गाठलेली उंची यांचा मेळ घातल्यावर वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर निघाला. हा वेग प्रकाशाच्या वेगाचा एक हजारांश आहे, म्हणजे एक कोटी वर्षांत दहा हजार प्रकाशवर्षे.

अशी मोजमापे घेताना एक खोड सांभाळावी लागते. अनेक डिशांच्या जाळ्याला बारीक तपशील छान दिसतो, पण दोन डिशांमधील किमान अंतर ठरलेले असल्यामुळे फार रुंद, पसरट उजेड त्याच्या हातून निसटतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील व्हीएलए या दुर्बीण-जाळ्याच्या डिशा सर्वांत जवळ आणल्या, तरी ६ गिगाहर्ट्झला सुमारे चार कलांहून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मोठी रचना नीट पकडता येत नाही, आणि एनजीसी ८९१ तर तेरा कलांच्या आसपास लांब आहे. म्हणून जर्मनीतील एफेल्सबर्गच्या शंभर मीटर व्यासाच्या एकट्या डिशची निरीक्षणे त्यात मिसळावी लागतात. ती मिसळली नाहीत, तर मंडल आहे त्यापेक्षा लहान दिसते आणि ‘मंडल नाही’ असा चुकीचा निष्कर्षही निघू शकतो. प्रभामंडलाविषयीचा कोणताही आकडा वाचताना मी आता आधी वारंवारता पाहतो आणि मग दुर्बीण कोणती होती ते.

ज्युडिथ अर्विन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चांग-ईएस सर्वेक्षणात व्हीएलएमधून कडेने दिसणाऱ्या ३५ दीर्घिकांची निरीक्षणे घेतली गेली, आणि अशी मंडले अपवाद नसून सर्रास आढळतात हे स्पष्ट झाले. त्यांपैकी १३ दीर्घिकांची सरासरी प्रमाण-उंची १.५ गिगाहर्ट्झला सुमारे ४,६०० प्रकाशवर्षे आली. ताऱ्यांचा जन्मदर जास्त तितके मंडल उंच, असे सरळ नाते मला अपेक्षित होते, परंतु उंची मुख्यतः रेडिओ लहरींत दिसणाऱ्या तबकडीच्या व्यासाबरोबर वाढते असे दिसले. शिवाय व्यासाच्या मानाने पाहिले, तर ज्या दीर्घिकांत क्षेत्रफळामागे वस्तुमान अधिक, त्यांची मंडले बसकी निघाली. वर निघालेल्या वाऱ्याला गुरुत्वाकर्षण मागे ओढते, या कल्पनेशी ते जुळते.

याच निरीक्षणांतील रेडिओ लहरींच्या ध्रुवीकरणावरून, म्हणजे त्या कोणत्या दिशेत कंप पावतात यावरून, चुंबकीय क्षेत्राची दिशाही काढता येते. तबकडीत ते क्षेत्र तबकडीला समांतर असते, वर जाता जाता ते बाहेरच्या बाजूला झुकते, आणि कडेने पाहिल्यास अनेक दीर्घिकांवर मोठी फुली मारल्यासारखे दिसते. एनजीसी ४६३१ च्या उत्तरेकडील मंडलात तर हे क्षेत्र काही हजार प्रकाशवर्षांच्या अंतराने आळीपाळीने आपल्याकडे आणि आपल्यापासून दूर वळलेले आढळले आहे.