नागपूरहून मंडल्याला, रझांच्या गावी

"भाऊजी, एका कबरीसाठी अडीचशे किलोमीटर?" स्टिअरिंगवर बसता बसता मेहुण्याने विचारलं. मी म्हटलं, वाटेत पोहे-जिलेबी खाऊ घालतो, चल. तेवढ्यावर तो तयार झाला.

जुलैचा शेवट, नागपुरात रिपरिप चालू. चित्रकार सय्यद हैदर रझांचं नाव निघालं की लोक पॅरिस म्हणतात, फार तर मुंबई म्हणतात. नागपूर कोणी म्हणत नाही, आपण नागपूरकरही नाही. हा मुलगा १९३९ ते ४३ आपल्या गावात बापूराव आठवल्यांच्या हाताखाली चित्रकला शिकला. पुढे शिष्यवृत्ती घेऊन मुंबईला गेला, तर तिथे पोचेपर्यंत जे. जे. ह्या कलाशाळेची प्रवेशाची मुदत संपलेली. मग एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी, आणि जे. जे. नंतर. कुठल्याही विदर्भातल्या पोराची गोष्ट वाटावी अशी.

पेंचच्या पट्ट्यात रस्ता उंचावर जातो. खालून जनावरांनी जायचं, वरून आपण. दोन्ही बाजूंना उंच पत्रे, जंगल दिसतच नाही. रझांचे वडील वनखात्यात रेंजर होते, त्यामुळे बालपण अशाच रानात गेलं. रात्री रान अंगावर यायचं, गोंडांचा नाच असेल तेवढाच दिलासा, आणि बाजाराच्या दिवशी रंगच रंग, असं त्यांनी सांगून ठेवलंय. काळ्या पार्श्वभूमीवर पेटलेले त्यांचे ते लाल-केशरी पट्टे मला ह्या रानात जास्त कळले, गॅलरीतल्या माहितीपत्रकात कमी.

शिवनीला पोहे झाले, जिलेबी गार होती. नैनपूरच्या पुढे रस्त्याने कंबर मोडली. मंडल्यात शिरलो तेव्हा दुपार कलंडली होती.

कबरस्तान शोधायला तीन जणांना विचारावं लागलं. दोघांना 'रझा' कळलं नाही. तिसरा पानटपरीवाला, तो म्हणाला, "वो पेंटर साहब? बिंदु वाले?" आणि पान लावता लावताच हाताने रस्ता दाखवला.

आत कुणी नव्हतं. कबरीवर पावसाने माती उडाली होती, कडेला गवत घोट्याच्या वर. शेजारी वडिलांची कबर. फाळणीनंतर भाऊ पाकिस्तानात गेले, रझा गेले नाहीत. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले. दोन वर्षं आधी काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटला होता आणि चित्रांत बांधणी नाही, सेझानची चित्रं बघ, म्हणाला होता. शिकायला गेलेला माणूस साठ वर्षं तिथेच राहिला. जानीन ह्या फ्रेंच चित्रकर्तीशी लग्न केलं. ती २००२ मध्ये गेली. मग हे दिल्लीला परतले आणि २३ जुलै २०१६ ला तिथेच वारले. वडिलांशेजारी पुरावं, एवढं मात्र त्यांचं ठरलेलं होतं. भारतात आले की ते मंडल्याला येऊन ह्या कबरीपाशी उभे राहत आणि नर्मदेला नमस्कार करत.

मेहुण्याने चपला बाहेर काढल्या होत्या. त्याने मला हळूच विचारलं, "ह्यांचं चित्र कितीला जातं?" २०१० मध्ये त्यांचं 'सौराष्ट्र' हे चित्र लिलावात सोळा कोटींच्या वर गेलं, मी सांगितलं. तो गवताकडे बघत राहिला.

रपटा घाटावर नर्मदा गढूळ आणि भरलेली. सूर्य बुडताना रझांच्या चित्रांतल्या बिंदूसारखा दिसला, असं इथे लिहायची फार इच्छा होती, पण आभाळ शेवटपर्यंत झाकलेलं होतं.

बिंदूवर लोक ब्रह्म, शून्य, बीज असलं काहीबाही लिहितात. रझाही बोलायचे तसं. मला मूळ गोष्ट जास्त आवडते. ककैयाच्या शाळेत आठेक वर्षांच्या ह्या पोराचं लक्षच लागत नव्हतं. नंदलाल झारिया गुरुजींनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक टिंब काढलं आणि त्याकडे बघत बसायला सांगितलं. म्हटलं तर शिक्षा, म्हटलं तर औषध. ते टिंब कॅनव्हासवर यायला जवळपास पन्नास वर्षं लागली. मधल्या काळात ह्या माणसाने घरं, चर्च, निसर्गचित्रं, सगळं रंगवून पाहिलं, १९५६ मध्ये फ्रेंच समीक्षकांचं पारितोषिकही घेतलं.

दुसऱ्या दिवशी परतताना एका खेड्यात चहाला थांबलो. समोर प्राथमिक शाळा, रविवार म्हणून बंद. मी उगाच व्हरांड्यात जाऊन आलो. भिंतीवर बाराखडी, पाढे, फळांची चित्रं, हात धुण्याच्या सूचना, मध्य प्रदेशचा नकाशा. खिडकीशेजारी तळहाताएवढा चुना मोकळा होता, त्यावरही कुणीतरी कोळशाने विकेट काढली होती.

"भाऊजी, चहा निवतोय," मेहुणा ओरडला.