चार किलो शंभर

गेल्या वर्षी जूनमध्ये चाकूर तालुक्यातल्या एका सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज आणि खत देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेत, ऑडिटला बसले होते. कार्यालयाला लागूनच खताचं गोदाम, दारात इलेक्ट्रॉनिक काटा. निघताना सहज खांद्यावरची बॅग त्या काट्यावर ठेवली. आकडा आला ४ किलो १००. तिथला शिपाई म्हणाला, "मॅडम, ह्येच्यात दगडं घालून हिंडायलाव का?"

दगडं नव्हती. २ किलो ३०० ग्रॅमचा लॅपटॉप, साडेचारशे ग्रॅमचा चार्जर (त्या मधल्या डब्यासकट), बॅगेचं स्वतःचं वजन सहाशे आणि उरलेल्यात डबा, पाण्याची अर्धी बाटली, कागद. मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करते. जी.डी.सी. अँड ए. ही सहकार आणि हिशोबाची सरकारी पदविका झाले, लेखापरीक्षकांच्या सरकारी यादीवर, म्हणजे नामतालिकेवर आले, आणि तेव्हापासून औसा, रेणापूर, निलंगा, देवणी असं एसटीनं हिंडणं चालू आहे. वर्ष ३१ मार्चला संपतं आणि पुढच्या चार महिन्यांत ऑडिट पुरं व्हावं लागतं. म्हणजे आमचा हंगाम एप्रिल ते जुलै, भर उन्हाचा. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. तिकीट अर्धं झालं, बॅग काही अर्धी झाली नाही. शिवाय अर्ध्या तिकिटामुळं गर्दी अशी की लातूर ते चाकूर उभंच राहायचं. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, हे आता शिवणाऱ्या बाईलासुद्धा माहीत झालंय.

तरी मी तो जुना लॅपटॉप ओढलाच असता. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारी मोफत अपडेट, बंद झाला आणि २०१६ चं माझं मशीन विंडोज ११ ला चालत नव्हतं. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती म्हणा. पण मुदतवाढीवर चालणाऱ्या संस्थांचं काय होतं ते मी रोज बघते.

बजेट ३५ हजार. अट एकच: हलका पाहिजे. माझ्या भावाचा मुलगा नीटच्या क्लाससाठी आमच्याकडं राहतो. त्याला जीवशास्त्रापेक्षा प्रोसेसर जास्त पाठ आहेत. तो म्हणाला, "आत्या, ३५ हजारांत हलका, टिकाऊ आणि फास्ट यातलं दोनच मिळतं." मला वाटलं पोरगं फुशारकी मारतंय. आठवडाभर फिरल्यावर कळलं, त्यानं एक जास्तच सांगितलं होतं.

लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईला, १६ रस्ते येऊन मिळतात आणि मी त्यातले निम्मे तरी पालथे घातले. पहिल्याच दुकानात १ किलो १९० ग्रॅमचा एक देखणा नग दाखवला, २४ हजारांना. हातात घेतला आणि मी जवळजवळ विकत घेतलाच. प्रोसेसर इंटेल एन१००, आत पंखाच नाही. हे मला फार आवडलं. माझ्या जुन्या मशीनचा पंखा गोदामांतली धूळ आणि सोयाबीनचं भूस खाऊन खाऊन इतका घरघरायचा की गटसचिव, म्हणजे सोसायटीचं दप्तर बघणारे, विचारायचे, "गिरणी चालू केली का?" पंखाच नसला तर भूस जाणार कुठं? पण भाच्यानं विचार करायला लावलं. पंखा नाही म्हणजे गरम झाल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, दुसरा इलाज त्याच्याकडं नसतो. बहुतेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापरायचं कमाल तापमान ३५ अंश लिहिलेलं असतं. आमच्याकडं मे महिन्यात ३५ अंश सकाळच्या चहाच्या आसपासच होतात. दुपारी तीन वाजता पत्र्याखालच्या कार्यालयात त्या बिचाऱ्यानं काय करायचं? वर फायली साठवायला १२८ जीबीचं ईएमएमसी, म्हणजे खऱ्या एसएसडीपुढं बैलगाडी, आणि तेही बोर्डावर डकवलेलं.

दुकानदार म्हणाला, मग आय३ घ्या. १५.६ इंची, ३४,५००. खरं सांगते, पैशाचा हिशोब केला तर तोच योग्य होता. सहा कोअर, रॅमची एक जागा रिकामी, उद्या वाढवता येईल. आणि उजवीकडं नंबर पॅड! हिशोबाचं काम करणाऱ्या माणसालाच कळेल की नंबर पॅड म्हणजे काय. माझी उजव्या हाताची तीन बोटं त्यावर न बघता चालतात, जशी सासूबाईंची बोटं भाकरीवर. पण वजन १ किलो ६३०, आणि माझ्या बॅगेत तो तिरकाच बसायचा. चेन लागेना. दुकानदारानं मोठी बॅग फुकट देऊ केली. मी म्हटलं, दादा, मी बॅग छोटी करायला आलेय.

तिसरा पर्याय जुन्या बाजारातला. कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकतात, ते बघायला छत्रपती संभाजीनगरला गेले, नाहीतरी एका लग्नाला जायचं होतंच. आठव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम, धातूची बॉडी, १ किलो ३००, किंमत २४ हजार. विंडोज ११ लाही चालणारा. आणि कीबोर्ड असा की दोन ओळी टाइप केल्या आणि जीव जडला. दुकानदार म्हणे, "ए ग्रेड माल आहे, मॅडम." मी ऑडिटर. म्हटलं, आधी बॅटरीचा अहवाल काढू. विंडोजमध्ये एक ओळीची आज्ञा दिली की मशीन स्वतःच तो काढून देतं. मूळ क्षमता ५० वॉट-अवर, आताची भरती ३०. आयकराच्या तक्त्यात संगणकाला ४० टक्के घसारा असतो, इथं बॅटरीनं तो आधीच लावून घेतला होता. नवीन बॅटरी मूळ कंपनीची मिळेल का, याला नीट उत्तर नाही. वॉरंटी म्हणजे दुकानाच्या शिक्क्याचा सहा महिन्यांचा कागद. काही बिघडलं तर लातूरहून पुन्हा संभाजीनगर, म्हणजे एका दिवसाचं ऑडिट गेलं. सोडून दिला. पण त्या कीबोर्डची आठवण अजून येते, खोटं कशाला बोलू.

परतीच्या बसमध्ये, अंबाजोगाईच्या घाटात कुठंतरी, माझ्या डोक्यात गोष्ट स्वच्छ झाली. ऑडिटमध्ये आम्ही दोष काढतो आणि मग संस्थेनं दोष दुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. व्हाउचरला पावती जोडलेली नाही, किर्दीवर, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीवर, सही राहिली, सभेचं इतिवृत्त अपुरं, हे सगळं दुरुस्त होतं. पण रोख शिल्लकच कमी भरली तर कितीही कागद रंगवा, उपयोग नाही. मी लॅपटॉपांत 'चांगला कोणता' हे शोधत होते. शोधायला पाहिजे होतं, कोणाचे दोष मागून दुरुस्त होतात.

नंबर पॅड नाही? वेगळा मिळतो. पडदा मंद? सावलीत बसेन. रॅम बोर्डावर डकवलेली आणि ती ८ जीबीच? याला दुरुस्ती नाही. घेतल्या दिवशी जेवढी, मरेपर्यंत तेवढीच. त्यात विंडोज स्वतःच तीन-चार जीबी घेऊन बसतं, ग्राफिक्सलाही वाटा त्यातूनच, मग माझ्या कर्जयाद्यांच्या एक्सेलला, बँकेच्या पीडीएफला आणि पोर्टल उघडलेल्या ब्राउझरला उरतं काय? हलक्या आणि स्वस्त मशीनमध्ये रॅम बहुधा डकवलेलीच असते, जागा आणि पैसे वाचवायला. म्हणून तिथं पहिल्या दिवशीच जास्तीची घ्यायची. जाड मशीनमध्ये ही घाई नसते, हा त्याचा मोठेपणा मान्य करायला हवा.

शेवटी घेतला तो १४ इंची, १ किलो ३८०, प्रोसेसर रायझन ३ ७३२०यू. ८ जीबीचा ३२ हजारांना होता, १६ चा साडेछत्तीस. साडेचार हजार जास्त देऊन १६ चा घेतला आणि बजेट दीड हजारानं मोडलं. त्या नावातल्या आकड्यांचीही गंमत आहे. आपल्या खतावणीच्या खाते क्रमांकासारखे ते वाचायचे असतात. पहिला ७ म्हणजे २०२३ चं मॉडेल. तिसरा २ म्हणजे आतली रचना झेन २, जी पहिल्यांदा आली २०१९ मध्ये. नवीन बाइंडिंगमध्ये जुनी किर्द. पण बाइंडिंग बघून मी कधी शेरा मारला नाही. आतले आकडे माझ्या कामापुरते जुळले, घेऊन टाकला. दिवाळीचा पाडवा होता. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, ते बिजागरीत थोडं गेलं, अजून आहे.

आता दोष.

पहिल्याच दिवशी हिशोबाचं टॅली उघडलं, पेमेंटसाठी एफ५ दाबलं, पडदा मंद झाला. पावतीसाठी एफ६ दाबलं, उजळला. दहा मिनिटं मी दिवाळीच्या माळेसारखी त्या पडद्याची उघडझाप करत बसले. या पातळ मशीनांत वरच्या ओळीची बटणं बहुधा आधी आवाज आणि उजेडाची असतात, एफ नंतर. माझ्यात एफएन आणि एस्केप एकदम दाबलं की ते उलटं होतं. हे एवढं एक वाक्य पेटीतल्या कागदावर छापायला काय झालं होतं?

पडदा टीएन पॅनेलचा आहे. समोरून ठीक, पण वरून किंवा बाजूनं बघितलं की रंग उडतात आणि आकडे पुसट होतात. घरी पोरांना यावर सिनेमा बघायचा नाही, ते भांडण वेगळं. पण कार्यालयात चेअरमन, दोन संचालक आणि गटसचिव माझ्या खुर्चीमागं उभे राहून डोकावतात ना, त्यांना काही दिसत नाही. थकबाकीच्या यादीत कोणाचं नाव आलं हे बघायला एकजण चांगलाच वाकला होता. परत सरळ होताना कंबर धरली. हा दोष मी दुरुस्त करणार नाही.

नंबर पॅड वेगळा घेतला, ६४९ रुपये, ११० ग्रॅम. दोनदा विसरले. एकदा देवणीत सहाशे सभासदांच्या भागभांडवलाची यादी वरच्या ओळीतल्या आकड्यांनी टाकली आणि तेरीज नऊ रुपयांनी चुकली. नऊनं फरक आला की आकडे उलटसुलट पडलेत हे आमच्यातल्या शिकाऊ पोरालाही कळतं. ५४ चे ४५ झाले होते. ते शोधण्यात गेलेला पाऊण तास मी लॅपटॉपच्या किमतीत धरते.

बॅटरी ४२ वॉट-अवरची. खोक्यावर दहा तास लिहिलंय. मला पाच मिळतात, उजेड वाढवून. केंद्रानं २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतपुरवठा सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, आमच्याकडंही कार्यालयांत संगणक आलेत. पण डीपी (गावातला विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की तो संगणक आणि भिंतीवरचं कॅलेंडर यात फरक राहत नाही. एप्रिलमध्ये अहमदपूरकडं मी चार्जरच घरी विसरले. टाइप-सीवर चार्ज होणारं मशीन मी हट्टानं बघून घेतलं होतं, म्हणून गटसचिवांच्या मोबाइलचा चार्जर लावून बघितला. 'स्लो चार्जर' अशी सूचना आली. टक्के वाढले नाहीत, पण उतरायचेही थांबले. २३ वर संध्याकाळपर्यंत तग धरली. जुन्या मशीनचा जाड गोल पिनचा चार्जर विसरले असते तर दुपारीच गाशा गुंडाळला असता.

कीबोर्ड मध्यभागी दबतो. जास्त जोरात शेरा लिहिला तर जास्त दबतो. याला जुळवून घेतलंय.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्याच चाकूरच्या सोसायटीत गेले. शिपायानंच आठवण केली, म्हणाला, ठेवा की काट्यावर. ठेवली. नंबर पॅडसकट ३ किलो ६०. "एक किलो उतरलाव मॅडम," तो म्हणाला, जणू मीच उतरले.

घरी हे कौतुकानं सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. "बरं झालं की मग. निलंग्याला कधी जायलीस? बोरसुरीची डाळ संपत आली. दोन किलो घेऊन ये बॅगेत."

मंगळवारी जातेय. पाच किलो साठ.