रोटरच्या मिशा

जूनचा दुसरा आठवडा. रात्रभर लाइट ये-जा करत होती. सकाळी पावणेसातला हॉटेलातल्या पोराचा फोन आला, "दादा, टँकचं ताक झालंय."

रत्नागिरी ते गणपतीपुळे या पट्ट्यात मी फिशटँकची कामं करतो. गोड्या पाण्याच्या टँकवर पोट चालतं, खाऱ्या पाण्याचे टँक झोप उडवतात. हा टँक खाऱ्या पाण्याचा होता. हॉटेलच्या दर्शनी भागात ठेवलेला, सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. खडक-वाळूची जागा सोडून सहाशे लिटरच्या आसपास पाणी. आत क्लाउनफिशची जोडी, एक पिवळा टँग आणि माझा लाडका गोबी. हा गोबी तोंड भरून वाळू घेतो, त्यातलं खाण्यासारखं ठेवतो आणि बाकीची कल्ल्यांतून भुरभुर सोडून देतो. त्याच्यासाठीच मी साखरेसारखी बारीक, पांढरी अ‍ॅरागोनाइटची (चुनखडीसारख्या खनिजाची) वाळू घातली होती. जाड दाण्यांनी त्याचं तोंड, कल्ले सोलवटतात.

पोचलो तर काचेपलीकडे खरोखर ताक. टॉर्च मारला तेव्हा कुठे आकार दिसले. डाव्या कोपऱ्यात वीतभर उंच वाळूचा ढीग, समोरच्या काचेलगत तळ लख्ख उघडा, आणि मधला एक खडक कलून काचेला टेकलेला. मोठे खडक मी आधी तळावर बसवून मग वाळू ओतली होती. हा एकच हॉटेलच्या शेठना शोभेसाठी नंतर हवा होता म्हणून वाळूवर ठेवलेला. खालची वाळू गेली आणि तो बसला.

पाण्यात लाटांसारखा प्रवाह करणारे पंप म्हणजे वेव्हमेकर. दोनपैकी एक बंद होता, दुसरा शंभर टक्क्यांवर घरघरत होता. तो आधी थांबवला. संपमधून, म्हणजे टँकखालच्या टाकीतून, पाणी वर चढवणारा पंप मात्र चालू ठेवला आणि बॅटरीवरचा एअरपंपही सोडला. पाणी निवळावं म्हणून सगळंच बंद करण्याचा मोह होतो, पण खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मुरतो, त्यात जूनचा उकाडा. मासे गढूळ पाण्यात काही तास काढतात, बिनहवेच्या पाण्यात नाही. खडक दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढला. काचेवर चरा नव्हता. सिलिकॉनच्या जोडावर बोट फिरवलं, कोरडा. मग चहा मागितला.

वाळू बसेपर्यंत बंद पडलेला वेव्हमेकर उघडला. लाइट गेली-आली तेव्हा हा परत फिरलाच नाही, म्हणून पोराने रात्री दुसरा फुल केला होता. त्याच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पुढची जाळी काढून रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, ओढला तर चटकन सुटेना. सुटला तेव्हा त्याला काळ्या मिशा होत्या! वेव्हमेकरचा रोटर म्हणजे एक चुंबकच, आणि त्याच्या अंगावर बारीक काळे कण उभे राहिले होते, केस उभे राहावेत तसे. बोटाने पुसले तर सरकायचे, सुटायचे नाहीत. सिरॅमिकचा दांडा घासून अर्धा झालेला.

माझ्या पांढऱ्या वाळूत काळं कुठून आलं? पोराकडे बघितलं. तो चहाच्या ट्रेकडे बघत होता.

"मांडवीची?"

"दोनच बादल्या, दादा. पुढे तळाची काच उघडी दिसत होती, गिऱ्हाईक विचारायचे. वरची वरची, उजळ बघून आणली. चार पाण्यांनी धुतली."

रत्नागिरीतल्या मांडवीच्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात तो या वाळूमुळेच. तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोखंड असलेल्या काळ्या खनिजांचे कण असतात. इल्मेनाइट चुंबकाला जेमतेम ओळख देतं, मॅग्नेटाइट मिठी मारतं. वरून ओतताना पाण्यातून खाली जाणारे कण चालू वेव्हमेकरने ओढून घेतले. काच घासायच्या चुंबकी ब्रशलाही तेच चिकटलेले. तो ब्रश त्या आठवड्यात कोणी फिरवला असता तर समोरच्या काचेवर कायमची नक्षी उमटली असती.

शेठ आले, पोरावर चढले. मी गप्प होतो, कारण मला दुसराच हिशेब लागत होता. पोराने वाळू आणली काच उघडी पडली म्हणून. काच उघडी का पडली? दोन्ही वेव्हमेकर मीच समोरच्या काचेवर रोखले होते. धार काचेवर फुटेल, वाळूपर्यंत जोर राहणार नाही, असा माझा हिशेब. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या माणसाला विचारलं असतं तर तो हसला असता. लाट बंधाऱ्याच्या उभ्या भिंतीवर आपटते, खाली उतरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू ओढून नेते. दोन फूट रुंदीच्या टँकमध्ये माझी धार नेमकी तेच करत होती. दर पावसात मिऱ्याच्या रस्त्याने जाणारा मी, आणि हे माझ्याच टँकमध्ये दिसलं नाही.

शेठना तसं सांगितलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण आवाज खाली आला.

दुपारपर्यंत पाणी निवळलं. कोपऱ्यातला ढीग हाताने उपसला नाही, सायफनच्या नळीने वरून थोडा थोडा खेचला. दाबून बसलेल्या जाड थरात खाण्याचा गाळ अडकला की आत नासक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो, आणि तो एकदम सुटला तर मासे जातात. तळाशी एक करडा पट्टा दिसलाही. मग जुन्या हार्डडिस्कमधलं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवलं. बाहेर काढून पिशवी उलटी केली की काळी वाळू आत आणि चुंबक हातात. हे काम पोराला दिलं. त्याने दीड तास मान वर केली नाही. मॅग्नेटाइट बरंचसं निघालं. चुंबकाला दाद न देणारं उरलं ते पुढच्या फेऱ्यांत सायफनने काढलं.

नवा रोटर घालून दोन्ही वेव्हमेकर वर सरकवले, पृष्ठभागाखाली चार बोटं, तोंड किंचित वर. ते आळीपाळीने चालतील असं लावलं आणि जोर सत्तरवरून चाळीस टक्क्यांवर आणला. उघड्या पट्ट्यात एक-दोन मिलिमीटरचा जाड दाणा पसरला, बारीक वाळू गोबीच्या बिळाकडे ठेवली. तासाभराने वाकून पाहिलं. वाळूवर पुसट रेघा उमटल्या होत्या, ओहोटीनंतर किनाऱ्यावर दिसतात तशा, पण जागच्या जागी. गोबी बिळातून अर्धा बाहेर आला, घास घेतला आणि भुरभुर सोडला.

संध्याकाळी शेठनी विचारलं, "रोटरचे पैसे पोराच्या पगारातून कापू ना?"

मी बिल परत मागून घेतलं आणि रोटरची ओळ खोडली. बाहेर पोरगा चहाच्या पेल्यात ती काळी वाळू घेऊन मांडवीच्या दिशेने निघाला होता.