नंदवाळच्या वाटेवरची प्रार्थना

आषाढी एकादशीला मी नंदवाळच्या दिंडीत चालते, हे आमच्या मंडळीत आता सगळ्यांना ठाऊक झालंय. पाळकसाहेबांनी एकदा शांतपणे विचारलं, "ताई, तिथं तुम्ही नेमकं काय करता?" मी म्हटलं, "चालते, आणि ख्रिस्ताशी बोलते." त्यांनी मान हलवली. काही जणांना मात्र ते अजून खुपतं. ख्रिस्ती बाईनं टाळमृदंगाच्या मागून जावं का, असं ते विचारतात. विचारू देत. मला ज्या वाटेवर माझा प्रभू पुन्हा बोलता झाला, त्या वाटेबद्दल मी गप्प राहणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नंदवाळ हे करवीर तालुक्यातलं गाव, आमच्याकडं त्याला प्रति पंढरपूर म्हणतात. कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून पालखी निघते, शहर मागं टाकून सानेगुरुजी वसाहतीवरून पुईखडीला येते. तिथं रिंगण होतं. मग वाशीवरून नंदवाळ. ज्यांना पंढरपूर जमत नाही, असे म्हातारे, कामकरी बायका, कडेवर पोर घेतलेल्या आया, सगळे यात असतात. पाऊस तर असतोच.

मला तिथं पहिल्यांदा नेलं शेजारच्या मावशींनी. पप्पा गेले त्या वर्षी. "घरात बसून काय करतीस? चल माझ्यासंगं, मी जातोय नंदवाळला," असं म्हणून त्यांनी मला जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं.

पप्पांबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आमच्या घरात रविवार हा शनिवारीच सुरू व्हायचा. भाजी शनिवारी चिरून ठेवायची, कपड्यांना इस्त्री शनिवारी, बूट शनिवारी पुसायचे. रविवारी पैशाला हात लावायचा नाही. उपासनेहून आल्यावर कुठल्या वचनावर उपदेश झाला ते प्रत्येकानं सांगायचं, आणि नाही सांगता आलं तर दुपारचं जेवण उशिरा. पप्पा दुष्ट नव्हते. त्यांना जसं मिळालं तसं त्यांनी आम्हाला दिलं. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, आणि १८७० मध्ये इथलं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. त्या परंपरेमागं १६४०च्या दशकात लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरला लिहिलेलं श्रद्धापत्र आहे, आणि त्यात प्रभूचा दिवस कसा पाळायचा ते खुलासेवार दिलंय: ऐहिक कामं नकोत, ऐहिक करमणूक नको, त्याबद्दलच्या गप्पासुद्धा नकोत. पण त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. गरजेची कामं आणि दयेची कामं त्या दिवशीही करायचीच आहेत. आमच्या घरात पहिला भाग उतरला, दुसरा वाटेत कुठंतरी राहून गेला.

त्याची झळ बसली ती धाकट्या बहिणीला. ती नर्स आहे. मिरजेत मिशनचा दवाखाना उभा राहिल्यापासून या भागातल्या ख्रिस्ती घरांत नर्स होणं नवं नाही. तिला रविवारी सकाळची पाळी लागायची. चर्चमधून गैरहजेरी वाढली, आणि एका रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला ती उठली, तेव्हा कुणीतरी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "तुम्ही कुठल्या तोंडानं पुढं येता?" पप्पा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर ती आली नाही.

मी मात्र एकही रविवार चुकवला नाही. कमाईचा दशमांश चर्चला दिला, उपासकाळ पाळला, प्रार्थनासभेत प्रार्थना केली. पप्पांना मूठमाती देऊन आले त्या रात्री गुडघे टेकले, आणि देवाशी बोलायला माझ्याकडं काहीच नव्हतं. शब्द सगळे पाठ होते. ते कुणाला उद्देशून म्हणायचे, तेच कळेना.

हे मनात घेऊन मी मावशींच्या मागं चालत होते.

पुईखडीला रिंगणाआधी सगळे टेकले. डबे उघडले. शाबूची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, केळी. मावशींनी मात्र भाकरी आणि मुगाची आमटी काढली. त्यांना साखरेचा आजार, डॉक्टरांनी उपास बंद केलेले. बाजूची एक तरुण बाई म्हणाली, "आजी, एकादशी हाय आज." मावशींनी घास मोडत सांगितलं, "व्हय बाई, हाय की. माझी गोळी त्याला म्हाईत हाय. त्याला सांगूनच आलोय." आणि जेवून, हात धुऊन, त्या घोडा बघायला पुढं गेल्या. रिंगण झाल्यावर टापाखालची माती कपाळाला लावून आल्या तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते.

मावशींचा नेम मोडला होता, असं मला म्हणता येत नाही. वर्षभर त्या पहाटे उठून हरिपाठ म्हणतात, गळ्यात माळ आहे, मांसाहार नाही. नेम त्यांना प्रिय आहे. पण तो नेम कुणासाठी आहे, हे त्या क्षणभरही विसरत नाहीत. पुईखडी सोडल्यावर वाशीपर्यंत त्या विठोबाशी बोलतच होत्या, माझ्याशी बोलावं तितक्या सहज. थोरल्या लेकाचं बांधावरचं भांडण, म्हशीचं आटलेलं दूध, नातीचं लग्न. मधेच रागावल्यासुद्धा.

माझा विश्वास मावशींचा नाही. नंदवाळला पोचल्यावर त्या दर्शनाच्या रांगेत गेल्या, मी बाहेर थांबले, आणि आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटलं नाही. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं नारायण वामन टिळक सांगत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडतो, आणि त्यात बाप्तिस्मा झालेले-न झालेले सगळे ख्रिस्तभक्त बोलावतो. लहानपणी आम्हाला टिळकांची भजनं शिकवली, हा भाग कुणी शिकवला नाही. तो मला वाशीच्या रस्त्यावर समजला.

त्या रस्त्यावर लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला थोरला मुलगा मला आठवला. येशूनं सांगितलेली ती गोष्ट: धाकटा मुलगा वाट्याची मालमत्ता उधळून परत येतो, आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो. उधळ्या मुलावर उपदेश पुष्कळ होतात, थोरल्यावर कमी. त्यानं बापाची एकही आज्ञा मोडलेली नाही, आणि तो घराबाहेर अंगणात रुसून उभा आहे. इतकी वर्षं राबलो, मित्रांबरोबर मजा करायला मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीत, म्हणतो. बाप म्हणतो, जे माझं ते सगळं तुझंच आहे. मला वाटतं, त्यानं करडू कधी मागितलंच नसेल. राबणारा गडी हिशेब ठेवतो, मागत नाही. आणि त्या गोष्टीत बाप दोनदा घराबाहेर येतो: धाकट्यासाठी धावत, आणि थोरल्याची समजूत काढायला. नियम पाळून पाळून कोरडा पडलेला जीवही त्याला तितकाच हवा असतो. माझा सगळा भरवसा आता त्या दुसऱ्यांदा बाहेर येण्यावर आहे.

मग मी बोलायला लागले. टाळांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं. प्रभूला म्हटलं, पप्पा त्या दिवशी गप्प का बसले? मी का गप्प बसले? तू शब्बाथ दिवशी, काम वर्ज्य असलेल्या विसाव्याच्या दिवशी, वाळलेल्या हाताचा माणूस बरा केलास, आणि आमच्यात रविवारी रोग्याची सेवा करणारीला तोंड लपवावं लागलं, हे तुला कसं बघवलं? पाठ केलेलं त्यात एक अक्षर नव्हतं. पावसात रडत, भिजत, मी नंदवाळच्या वेशीपर्यंत बोलत गेले. आणि कुणीतरी ऐकतंय, हे मला त्या दिवशी जितकं पक्कं कळलं तितकं आयुष्यात कधी कळलं नव्हतं.

मी आजही रविवार पाळते. येशूनं परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, पुदिना, शेप आणि जिऱ्याच्या दशमांशावरून सुनावलं, तेव्हा दशमांश सोडा असं तो म्हणाला नाही. न्याय, दया आणि विश्वास आधी, आणि तेही सोडू नका, असं म्हणाला. शनिवारी भाजी चिरताना मला आता बरं वाटतं. कुणाच्या तरी येण्याची तयारी चाललीय असं वाटतं.

त्या संध्याकाळी परतीच्या केएमटी बसमध्ये मावशी खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. मी बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं, पप्पांचंही. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "या शनिवारी रात्रपाळी आहे गं माझी. रविवारी सुटून येईपर्यंत उपासना अर्धी झालेली असेल. आणि युनिफॉर्मवरच यावं लागेल."

"ये," मी म्हटलं. "मी दाराशी उभी राहते. आपण दोघी बरोबरच आत जाऊ."