गप्प राहून सायकल चालवल्याने काय होतं?

पुण्याहून मामा फोनवर विचारतात, इथे डॅलसमध्ये मंडळाच्या कार्यक्रमाला भेटणारी माणसंही विचारतात. दरवर्षी मेच्या तिसऱ्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता 'राइड ऑफ सायलेन्स' निघते. वाहनांच्या धडकेत गेलेल्या सायकलस्वारांच्या स्मरणार्थ काढलेली फेरी. मी जातो. घोषणा नाहीत, आणि वाटेत कोणी एकमेकांशी बोलतसुद्धा नाही. मामांचा मुद्दा सरळ आहे : "अरे, मोर्चा काढायचा तर आवाज नको? मुक्याने फिरून कोणाला कळणार?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

ही फेरी सुरू झाली आमच्याच गावात, 2003 साली. शेजारून जाणाऱ्या स्कूलबसचा आरसा लागून एक सायकलपटू गेला. बस नव्हे, आरसा! गाडी चालवणारा अंदाज घेतो तो गाडीच्या पत्र्याचा. आरसा त्याच्याही बाहेर असतो, आणि मोठ्या गाड्यांचा नेमका सायकलवाल्याच्या डोक्या-खांद्याच्या उंचीवर. चालकाच्या हिशेबी गाडी व्यवस्थित निघालेली असते. गेलेल्याच्या मित्राने मग व्हाइट रॉक लेकपाशी सायकलवाल्यांना बोलावलं, आणि दहाएक दिवसांच्या तयारीवर हजारभर लोक जमले. आज ही फेरी कितीतरी देशांत निघते.

आता गप्प का, ते. एरवी सायकलवाला आणि मोटारवाला यांच्यात संवाद म्हणजे हॉर्न आणि शिव्या. घोषणा दिल्या की मोटारवाला काच वर करतो, विषय संपला. इथे भांडायला त्याला कोणी सापडतच नाही. वेग ताशी 12 मैलांच्या आत, सगळे सिग्नल पाळायचे. मागे अडकलेल्याला बघण्यावाचून गत्यंतर नसतं. पुढे दिसतात साध्या कपड्यांतल्या बायका, शाळकरी पोरं, पोट सुटलेले काका. दंडावर काळी पट्टी. ज्यांना स्वतःला कधी गाडीने उडवलंय त्यांच्या दंडावर लाल. एवढा घोळका असून कानावर येते ती फ्रीव्हीलची टिकटिक आणि ब्रेकची कुरकुर. शिवाय सोबत कधीकधी गेलेल्याच्या घरची माणसं असतात. त्यांच्या शेजारून ओरडत जाणं मला तरी जमणार नाही.

याने कायदा बदलतो का? नाही. सायकलला ओलांडताना मोटारीने किमान तीन फूट अंतर ठेवावं, असं विधेयक 2009 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळात मंजूर झालं होतं. गव्हर्नर रिक पेरी यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. त्याच वर्षी ऑस्टिन शहराने स्वतःपुरता नियम केला : मोटारीला तीन फूट, व्यापारी वाहनांना सहा. असे नियम होतात ते नगर परिषदेच्या बैठकीत माइकसमोर उभं राहून, आमदारांच्या मागे लागून. तिथे मौन कामाचं नाही. मामांचं तेवढं मी मान्य करतो. पण तिथे बोलायला लागणारी माणसं मला या फेरीतच भेटली. कॉमर्सचा कोरा पदवीधर मी, विधेयक कोणत्या समितीकडे जातं हे मला कोण सांगणार होतं?

तर येत्या मेमध्ये मंडळातल्या चारजणांनी या. पैसे लागत नाहीत, सायकल कुठलीही चालते, हेल्मेट मात्र हवंच. आणि तासभर न बोलता राहायचं, जे आपल्या वार्षिक सभेत अजून कोणाला साधलेलं नाही.