वायोंत: धरण उभंच आहे, पण रस्त्याने चालत जाऊ नका

उत्तर इटलीतल्या लोंगारोने गावात स्टेशनबाहेर आलं की समोरच्या घळीत वायोंत धरण दिसतं. मला सांगण्यात आलं, 'सरळ रस्त्याने वर चालत जा, जवळच आहे.' इतका वाईट सल्ला प्रवासात दुसरा मिळाला नाही. तो रस्ता घळीच्या कड्यातल्या बोगद्यांतून जातो. आत अंधार, चालणाऱ्याला जागा नाही, आणि मोटारसायकली वेग कमी करत नाहीत. भिंतीला अंग घासत चालावं लागलं. कोणी काहीही सांगो, पायी त्या रस्त्याला लागू नका. गाडी नसेल तर खालच्या कोदिस्सागोहून वरच्या कास्सो गावाला जाणारी जुनी पायवाट धरा. सुमारे ५०० मीटरचा उभा चढ आहे, दम काढतो, पण जीव धोक्यात घालत नाही. पाऊस झाला असेल तर तीही टाळा.

दुसरी दिशाभूल इतिहासाची. धरण फुटलं, असंच वाचून आलो होतो. फुटलं नाही. २६२ मीटर उंचीची ती भिंत आजही उभी आहे. ९ ऑक्टोबर १९६३ रोजी रात्री १०.३९ वाजता मोंते तोक या डोंगराचा उतार, २६ कोटी घनमीटरहून जास्त, जलाशयात कोसळला. पाणी भिंतीवरून उसळून प्यावे नदीच्या खोऱ्यात पडलं आणि लोंगारोने पुसलं गेलं. सुमारे १९०० माणसं गेली. हे अचानक घडलं नव्हतं, आणि म्हणूनच वर उभं राहिल्यावर संताप येतो. नोव्हेंबर १९६० मध्येच डोंगराचा एक भाग तळ्यात घसरला होता, वर दोन किलोमीटरची भेग पडली होती. पत्रकार तीना मेर्लिन त्याआधीपासून या धोक्याबद्दल लिहीत होत्या, तर त्यांच्यावरच खटला भरला गेला. त्या निर्दोष सुटल्या. जलाशय तरीही भरला.

कास्सोतून तोकची उघडी पडलेली कातळपट्टी नीट बघा. खाली झाडं उगवलेली जी टेकडी दिसते ती म्हणजेच कोसळलेला डोंगर. तळं तिच्याखाली गेलं. हे दृश्य धरणाच्या भिंतीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, घाई करू नका. भिंतीच्या माथ्यावर मार्गदर्शकासोबत, ठरावीक दिवशीच सोडतात. आधी नोंदणी करा.

लोंगारोनेतलं संग्रहालय चांगलं आहे. फोर्तोन्या गावातल्या बळींच्या दफनभूमीत एकसारखे १९१० पांढरे संगमरवरी दगड आहेत. जुन्या कबरी काढून २००३ मध्ये ही रचना केली, तेव्हा काही नातेवाइकांनी विरोध केला होता. मला त्यांचं म्हणणं पटलं. तरी जा, पण संग्रहालय आधी करा आणि चढ सकाळी लवकर सुरू करा.