तुम्ही विचारलंत म्हणून: त्या काटेरी माळावर काय बघायला जाता?

एप्रिल-मेमध्ये भारतातून पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेलाच. “एवढं हिरवंगार इंग्लंड सोडून त्या उजाड माळावर काय बघायला जाता?”

माळ म्हणजे लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यातला थर्स्ली कॉमन. इकडे अशा जागेला हीथ म्हणतात. जमीन वाळूची, आम्ल, निकस. गुडघाभर वाढलेलं हेदर नावाचं झुडूप, मधेमधे गॉर्सची काटेरी झुडपं, तुरळक पाइन. हेदरला जांभळा बहर यायला ऑगस्ट उजाडतो, त्यामुळे वसंतात सगळा माळ तपकिरीच दिसतो. गॉर्स मात्र पिवळाधमक फुललेला असतो, आणि ऊन चढलं की त्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास सुटतो.

मी जाते ती मुख्यतः डार्टफोर्ड वॉर्बलर या पक्ष्यासाठी. चिमणीहून लहान, वजन दहा ग्रॅमच्या आसपास, निम्मी लांबी नुसत्या शेपटीची. वरून गडद राखाडी, खालून तांबूस, डोळ्याभोवती लाल कडं. तो सहसा झुडपाच्या पोटातच असतो, म्हणून आधी गप्पीदास हा दुसरा पक्षी शोधायचा. गप्पीदास शेंड्यावर उघडा बसतो आणि दोन गोटे एकमेकांवर आपटावेत तसा टक्-टक् आवाज करतो. वॉर्बलर पुष्कळदा त्याच्या आसपासच, खालून किडे टिपत फिरतो. धोका दिसला की वरचा ओरडतो, खालचा सावध होतो. गप्पीदास दिसला की मी तिथेच थांबते. मग कधीतरी खालून खरखरीत ‘चर्र’ ऐकू येतं, पक्षी शेपटी उभारून शेंड्यावर येतो, इकडे-तिकडे बघतो आणि बुडी मारतो. पुन्हा बराच वेळ काही नाही. यासाठी मी अर्धा दिवस आनंदाने उभी राहते.

या वॉर्बलरचे बहुतेक भाऊबंद हिवाळ्यात दक्षिणेकडे निघून जातात. हा इथेच राहतो, आणि खाणं किडे-कोळ्यांचं, म्हणून कडक थंडी त्याला मारक ठरते. 1962-63 च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर अख्ख्या ब्रिटनमध्ये त्याच्या जेमतेम 10-11 जोड्या उरल्या होत्या. तिथून तो सावरला, त्याला सौम्य हिवाळ्यांबरोबरच त्याचे माळ राखले गेल्याचीही मदत झाली.

राखायचे म्हणजे काय, हे पाहुण्यांना पटवणं अवघड जातं. हिवाळ्यात स्वयंसेवक इथे बर्च आणि पाइनची रोपं उपटतात, झाडं तोडतात. “निसर्गप्रेमी आणि झाडं तोडतात?” हो, कारण हा माळ माणसानेच घडवलाय. हजारो वर्षांपूर्वी इथलं जंगल तोडलं गेलं. मग पिढ्यान् पिढ्या गावच्या गरीब माणसांनी इथे गुरं चारली, गॉर्स सरपणाला नेला, हेदर कापलं. तो वापर थांबला की झाडं माळ गिळतात. 1800 पासून इंग्लंडमधला सखल भागातला 80 टक्क्यांहून जास्त हीथ शेतीखाली, घरांखाली, लावलेल्या पाइनखाली गेला. आपल्याकडे सोलापूर-नगरच्या माळरानांना ‘पडीक’ म्हणत तिथे वृक्षारोपण करायला निघतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो तो यामुळेच. तिथल्या चंडोल, धाविक अशा पक्ष्यांना झाड नको असतं, मोकळी जमीन हवी असते.

मे 2020 च्या अखेरीस थर्स्लीला आग लागली. सुमारे दीडशे हेक्टर जळालं, दलदलीवरची लाकडी पायवाटही गेली. तेही ऐन विणीच्या काळात. वुडलार्क (इथला एक चंडोल) आणि रातवा हे पक्षी तर जमिनीवरच अंडी घालतात. म्हणून 1 मार्च ते 31 जुलै कुत्रा दोरीला बांधलेला हवा, पाय वाटेवरच हवेत, आणि शेगडी-बिगडी घरी. यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही, पाहुण्यांचंसुद्धा.

यायचंच असेल तर मेच्या मध्यानंतर या. आफ्रिकेतून रातवे तोवर आलेले असतात. सूर्य नऊच्या सुमारास मावळतो आणि साधारण त्यानंतरच त्यांची घरघर सुरू होते, तेव्हा जेवूनच निघू. पँट मोज्यात खोचा, हेदरमध्ये गोचिड्या असतात.